अडतीस रेघा

रविवार होता आणि रुखमाबाई लेकीवर चिडल्या होत्या.

कारण एवढंसं होतं. जेवून हात धुतल्यावर सत्यशीला तांब्यात उरलेलं पाणी सवयीनं शेजारच्या लिंबाच्या बुडाशी ओतायला वाकली, आणि वाडीच्या पार दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

“काऊन वं, सांगतलं होतं ना तुले? तिथी पाणी नाई टाकाचं.”

“तांब्याभर तं हाय, आई.”

“तांब्या असो का वाटी. कोथिंबिरीले टाक ते.”

सत्यशीलेनं मुकाट्यानं तांब्या कोथिंबिरीच्या वाफ्यात रिकामा केला. चौतीस वर्षांची बाई, चंद्रपूरच्या कॉलेजात ग्रंथपाल, हाताखाली दोन माणसं. पण पळसटोल्याच्या या घरात पाऊल टाकलं की तिचं वय अर्ध्यावर येई.

घरामागच्या वाडीत कागदी लिंबाची नऊ झाडं होती. वडशाच्या बाजारातून आणलेल्या लिंबांच्या बिया रुखमाबाईंनी फुटक्या मडक्यात रुजवल्या, रोपं हातभर झाली तशी एकेक करून जमिनीत लावली, आणि आता ती कौलांच्या वर गेली होती. एक डिसेंबरपासून त्यांनी या झाडांचं पाणी तोडलं होतं. पानं आतल्या बाजूला वळून पन्हाळीसारखी झाली होती. वारा आला की दोन-चार गळत.

“मरतील ना हे.” ओट्यावर उन्हाला बसत सत्यशीला म्हणाली.

“मरत नाई. मराले टेकते.” रुखमाबाई जवळ आल्या, एका फांदीवर त्यांनी नख ओढलं आणि खालची हिरवी साल लेकीला दाखवली. “हे हिरवं हाय तोवर भेव नाई. झाडाले वाटलं पाह्यजे का आपलं काही खरं नाई आता. मंग एका दिवशी पाणी सोडलं का सारं झाड एकदम फुलते. पण मधात कोनी घोटभर जरी पाजलं ना, तं ते नुस्तं पानं काढत बसते. फूल गेलं. साल गेलं.”

“एकदम फुलून काय कराचं? वर्षभर थोडे थोडे येतेच ना निंबू.”

“येते. पण आखाडात नसते. आखाडात घरोघरी ताप असते, तोंडाले चव नसते लोकाईच्या. तवा येते दारात, ‘रुखमाबाई, एक निंबू हाय का.’ तवा नाई म्हणाले कसं वाटते, तुले काय माहीत.”

“किती दिवस ठेवाचं असं?”

विचारलं खरं, पण तेवढ्यात तिनं मांडीवरचं पुस्तक उघडलं होतं आणि डोळे सोडलेल्या ओळीवर गेले होते. आई काहीतरी म्हणाली. सत्यशीलेनं हुंकार दिला.

“काय हाय त्या पुस्तकात एवढं?” थोड्या वेळानं रुखमाबाईंनी विचारलं.

“एका घराची गोष्ट हाय. चार पिढ्यांची.”

“झाडं-गिडं हाय का त्यात?”

“हाय. बर्फ पडते त्याईच्यावर.”

“बर्फ पडते तं पाणी कोन घालते मंग?”

सत्यशीला हसली. दुपारी तीनच्या एस.टी.ची वेळ झाली तेव्हा आई गोठ्यात गाईला वैरण टाकत होती. “लोनचं घेतलं का?” एवढंच तिथून विचारलं तिनं, आणि सत्यशीला “घेतलं” म्हणून रस्त्याला लागली.

सोमवारी सकाळी रुखमाबाई विहिरीवर दोर ओढता ओढता खाली बसल्या, त्या उठल्या नाहीत.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अंगणात मांडव, मांडवात पांढऱ्या चादरीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी रुखमाबाईंचा एकुलता एक फोटो. तोही कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. त्रिशरण-पंचशील झालं. दोघं-तिघं बोलले. देवाजी गुरुजींनी आयुष्यभर गावच्या शाळेत शिकवलं, शेकडो सभांतून भाषणं केली, पण बायकोसाठी चार वाक्यं बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्या वाक्याला खाली बसले.

मग लोक उठले आणि आपापला लोटा घेऊन मागच्या वाडीकडं निघाले.

पळसटोल्यात ही जुनी रीत आहे. झाडं लावणारं माणूस गेलं की कार्यक्रमाला येणारा प्रत्येकजण आपल्या घरून लोटाभर पाणी आणतो आणि त्या माणसाच्या झाडाला घालतो. दीक्षेनंतर गुरुजींनी गावातल्या कितीतरी रीती हट्टानं बंद पाडल्या होत्या. हिच्या आड मात्र ते कधी आले नाहीत. यात देव नाही, भट नाही, नुसतं पाणी आहे, असं ते म्हणत.

आजचे लोटे साठाच्या वर होते. कारण गावात असं घर नव्हतं, जिथं आखाडात तापकऱ्याच्या उशाशी रुखमाबाईंचं लिंबू गेलं नव्हतं.

सत्यशीला वाडीच्या बांबूच्या फाटकात उभी राहिली. ती असं काही करील हे तिला स्वतःलाही घटकाभरापूर्वी माहीत नव्हतं.

रांगेत सगळ्यांत पुढं केसरबाई होत्या, गुरुजींची थोरली बहीण. साठी उलटलेली, राजुऱ्याला दिलेली. गेली दहा वर्षं विधवा आणि त्याआधीपासून भांडखोर. रुखमाबाईंशी त्यांचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं, आणि गेल्या सात दिवसांत सगळ्यांत जास्त रडल्या त्याच.

“सरक वं.”

“आत्या, आज नाई.”

“आज नाई तं कवा?”

“झाडं ताणावर हाय. आईनं पाणी तोडलं हाय त्याईचं. आता टाकलं तं बहर जाते.”

“बहर?” केसरबाईंनी मागं वळून रांगेला सांगितलं, “आइकलं का? बाई गेली आमची, अन् हिले बहराची पडली.”

रांगेत कुजबुज झाली. शेजारचा लटारू, कुणाच्याही कार्यक्रमात बोलल्याशिवाय न राहणारा, म्हणाला, “शिकलेल्या पोरीचं वेगळंच असते बापा. माहेरच्या झाडाले पाणी बी मोजून.”

सुमेध गर्दीतून पुढं आला. सत्यशीलेचा भाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. वडशाला भाताच्या आडतीत नोकरी करी, आणि तिला बाई म्हणे.

“बाई, लोकं पायी आले लांबून. काऊन लाज आणते? सरक ना.”

“पाणी पडलं तं आईचं तीन हप्त्याचं काम वाया जाते, सुमेध.”

“कोनतं काम? पाह्य ना तिकडं.” त्यानं हात केला. आठवड्याभरात झाडांची पानं निम्म्यावर आली होती. उरली ती राखेच्या रंगाची. “वाळलेच हाय ते. आई गेली अन् तेही चालले. म्या आईले केव्हापासून म्हणत होतो, ही जागा मोकळी कर, धानाची गिरणी टाकतो इथी. वडशाची चाकरी सुटन माही. तवा तिनं आइकलं नाई. आता कोन्यासाठी ठेवाचे?”

हे त्यानं बोलायला नको होतं. रांगेतल्या दोन-तीन बायकांनी पदर तोंडाला लावला. पण शब्द बाहेर पडला होता, आणि आता फाटकापाशी दोन गोष्टींचा निकाल व्हायचा होता, पाण्याचा आणि झाडांचाही.

“बाबा, तुमी सांगा हिले,” सुमेध म्हणाला.

देवाजी गुरुजी काठी टेकत आले.

“सत्या, कुठी वाचलं तू हे?”

“वाचलं नाई. आईनं सांगतलं.”

“आईनं,” गुरुजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. वर्गात पोरानं उत्तराऐवजी भलतंच काही सांगितलं की ते असेच म्हणत, आणि पुढच्या पोराकडं वळत. “लोकांचा मान ठेव, पोरी. बाजूले हो.”

सत्यशीला हलली नाही. तिला रडूही येईना. बांबू तिनं इतका घट्ट धरला होता की तळहातात कुसळ गेलं.

तेवढ्यात रांगेच्या शेवटून नीलाबाई पुढं आली. ओढ्यापलीकडच्या गोंड टोलीतली, रुखमाबाईंची चाळीस वर्षांची सोबतीण. मोहाच्या दिवसांत दोघी एकाच झाडाखाली फुलं वेचायच्या. तिनं लोटा आणला नव्हता, वाळल्या भोपळ्याचा तुंबा आणला होता, आणि तो काखेत धरून ती फाटकासमोर उभी राहिली.

“रुखमा नाई म्हटली होती का पाण्याले?”

“हो, मावशी. मरायच्या आदल्या दिवशी. मले रागावली बी होती.”

“मंग नाई.” नीलाबाईला हा विषय तिथंच संपलेला वाटला. “पण म्या आनलं ते पाणी परत नाई नेत. ते रांजन रिकामं हाय का?”

गोठ्याशेजारी तीन रांजण होते. नीलाबाईनं पहिल्याचं झाकण काढलं, तुंबा उलटा केला, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.

“इथी राहू द्या. ज्या दिवशी झाडाले पाणी द्याचं, त्या दिवशी हेच द्या. पाणी काही नासत नाई.”

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मग लटारूच्या बायकोनं आपला लोटा रांजणात ओतला. तिच्यामागून दुसरी. रांग फाटक सोडून रांजणांकडं वळली. पुरुष कुरकुरत का होईना वळले. केसरबाई सगळ्यांत शेवटी गेल्या, आणि लोटा रिकामा करून परत आल्या त्या थेट सत्यशीलेसमोर.

“अन् कवा द्याचं हे पाणी? दिवस सांग.”

सत्यशीलेनं तोंड उघडलं आणि मिटलं.

“म्हणजे माहीतच नाई तुले,” सुमेध म्हणाला. तो आता चिडला नव्हता, थकला होता. “ठीक हाय, बाई. संक्रांतीवरी मी हात नाई लावत. तवरी नाई सुधारले, तं कुऱ्हाड घालीन. मंग मले आडवी नको येऊ.”

“नाई येत,” सत्यशीला म्हणाली.

लोक जेवायला बसले तेव्हा ती तिथंच उभी होती. किती दिवस ठेवाचं असं, हे तिनं विचारलं होतं. आईनं सांगितलं होतं. तीन हातांवरून सांगितलं होतं, आणि तिनं हुंकार दिला होता. लवकर पाणी दिलं तर फूल नाही. उशीर झाला तर झाड नाही. मधला तो दिवस आई तोंडात घेऊन गेली.

नीलाबाई तुंबा धुऊन निघाली होती. जाता जाता म्हणाली, “रुखमा तं रोज सकाळी गोठ्याच्या भिंतीपाशी जाये. बोटाले चुना लावून. म्या विचारलं तं हासे.”

गोठ्याची मागची भिंत कुडाची, शेणानं सारवलेली. त्या बाजूला कुणाचंच जाणं नव्हतं. सत्यशीला वाकून आत शिरली आणि उभी राहिली.

भिंतभर चुन्याच्या रेघा होत्या. बोटानं ओढलेल्या, करंगळीएवढ्या, एकाखाली एक सहा ओळी. वरच्या ओळी पुसट, खालची पांढरीशुभ्र. चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, पुन्हा चार, पुन्हा आडवी. पाच ओळींच्या शेवटी कुठं वाटोळे टिपके, कुठं नुसतं कोळशाचं काळं.

“काय पाहून राह्यली वं?” केसरबाई मागोमाग आल्या होत्या. भांडण अर्धं ठेवायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांचीही नजर भिंतीवर गेली.

“हे काय हाय, आत्या? समजते का तुले?”

“समजाले काय हाय त्यात? आडवी रेघ आली का पाच झाले. खळ्यावर पोते असेच मोजतो ना आमी.” केसरबाईंनी बोट लावून पहिली ओळ मोजली. अक्षर येत नव्हतं, पण भिंतीवर बोट चाललं ते झरझर. “एकतीस. अन् म्होरं एकच टिपका.”

“टिपका म्हणजे?”

“टोपली असन. म्हंजे निंबू नाई झाले त्या साली.” दुसरी ओळ लांबलचक होती. “बावन्न. अन् हे काळं...” केसरबाई थांबल्या. “दहावं झाड होतं ना वं इथी? विहिरीकडचं? वाळलं होतं ते. मले माहीत हाय, म्या आली होती तवा. जेवली नव्हती ती दोन दिवस. म्या म्हटलं, झाडासाठी कोनी उपाशी राह्यते का.”

तिसरी ओळ, चव्वेचाळीस रेघा, चार टिपके. चौथी, चाळीस रेघा, सहा. पाचवी अडतीस, आणि पुढं टिपकेच टिपके, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत.

सहावी ओळ या सालची. बावीस रेघा. शेवटची थोडी तिरपी. ती सोमवारी सकाळची होती. ती ओढून आई विहिरीवर गेली होती.

मांडवातून पंगतीत भाजी वाढणाऱ्याचा आवाज येत होता. मग केसरबाईंनी कमरेची तंबाखूची चंची सोडली, चुन्याची डबी काढली आणि भाचीसमोर धरली.

“सहा दिवस राह्यले घालाचे. घाल.”

सत्यशीलेनं बोट चुन्यात बुडवलं. आईच्या बावीस रेघांपुढं तिनं सहा ओढल्या, मोजून, सरळ.

“अठ्ठावीस. अजून दहा.”

“दहा,” केसरबाई म्हणाल्या. “अन् त्या सुमेधले मी पाह्यतो. कुऱ्हाडीचं नाव काढते मेला.”

केसरबाई राजुऱ्याला परत गेल्या नाहीत. सत्यशीलेनं कॉलेजात रजेचा अर्ज पाठवला. सकाळी एक रेघ, मग झाडाझाडाला नख लावून साल पाहणं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं ऐकून घेणं. पानं गळतच होती. बत्तिसाव्या दिवशी ओढ्याकडच्या दोन झाडांवर बोटांवर मोजण्याइतकी उरली, आणि त्या दिवशी सत्यशीलेला जेवण गेलं नाही. पुस्तकांत तिनं उपासमारीची, लढायांची, प्रेतांची वर्णनं वाचली होती. लिंबाच्या नऊ झाडांकडं पाहताना अन्न नकोसं होईल असं कुठं वाचलं नव्हतं. आई दर साल हे एकटी सोसत होती. कुणाला सांगत नव्हती. सांगितलं असतं तरी कोण ऐकणार होतं? तिनंच ऐकलं नव्हतं.

केसरबाई मात्र रंगात आल्या होत्या. फाटकापाशी बाज टाकून हातात काठी घेऊन बसत. कोंबड्या, शेळ्या, लटारू, कुणालाच आत सोडत नसत.

चौतिसाव्या दिवशी पहाट फुटता फुटता त्यांचा आवाज वाडीभर झाला.

“कोन हाय तिथी?”

“मी हाय.”

“देवाजी? तांब्या काऊन हाय गा हातात?”

“तोंड धूत होतो.”

“निंबूच्या बुडाशी तोंड धुते कोनी? एवढ्या पोराईले शिकवलं, अन् स्वतः चोरी करते?”

सत्यशीला धावत बाहेर आली. स्वयंपाकघराच्या दाराशी जे लिंबू होतं, त्याखाली देवाजी गुरुजी उभे होते. पायाशी ओली माती. ती नुसती आजची ओल नव्हती. खोडापासचं आळं चार-पाच दिवसांचं भिजलेलं होतं, आणि गळून उघड्या झालेल्या फांद्यांवर बारीक पोपटी फूट दिसत होती.

“खिडकीतून हेच दिसते मले,” गुरुजी म्हणाले. “उठलं का हेच. तिच्या हातचं, अन् डोळ्यासमोर सुकते. पाहवत नाई, केसर.”

केसरबाईंनी काठी खाली केली. भावाच्या हातातून तांब्या तेवढा काढून घेतला.

“बाबा, बाकीच्याईले?” सत्यशीलेनं विचारलं.

“नाई. याच एकाले.”

ती खाली बसली. एक गेलं. आठ होती.

अडतिसावी रेघ सात जानेवारीला पडली. आठ तारखेला सकाळी सुमेध वडशाहून आला. येताना त्यानं कुऱ्हाड आणली नव्हती, पण नख वाढवून आला होता. कुणाशी न बोलता तो पहिल्या झाडापाशी गेला, फांदीवर नख ओढलं, वाकून पाहिलं. दुसऱ्याला गेला. आठव्यापर्यंत गेला. मग शर्ट काढून फाटकावर टाकला आणि म्हणाला, “दोर कुठी हाय विहिरीचा?”

माती हलकी केली, शेणखत घातलं, आळी सावरली. नीलाबाई टोलीतून चार जणींना घेऊन आली. ज्यांनी रांजणात पाणी ओतलं होतं ते सगळे आले. साठ घरांचं ते पाणी आधी गेलं, झाडाझाडाला वाटून. मग सुमेधनं ओढलेलं. केसरबाई मधे उभ्या राहून ओरडत होत्या, “दमानं. पहिल्या दिवशी थोडंच. उपाशी माणसाले एकदम जेवू घालते का कोनी?” हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

रजा संपली. सत्यशीला दहा तारखेला चंद्रपूरला गेली. निघताना झाडं तशीच उघडी, ओल्या मातीत उभी.

संक्रांत आली आणि गेली. सुमेधनं कुऱ्हाडीचा विषय काढला नाही. सव्वीस जानेवारीच्या चार दिवस आधी त्याचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. “बाई, ये. सांगून समजणार नाही.”

सुट्टीच्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं निघाली. पळसटोल्याच्या फाट्यावर उतरायच्या आधीच एस.टी.त कुणीतरी म्हणालं, “कशाचा वास येऊन राह्यला?” कंडक्टरनं खिडकीतून मान बाहेर काढली. ड्रायव्हरनं गाडी उभी केली ती जरुरीपेक्षा जास्त वेळ उभी ठेवली. सत्यशीला उतरली आणि चालायला लागली. मग भरभर चालली, आणि शेवटी, बॅग सांभाळत, साडीच्या निऱ्या धरत, शाळेतल्या पोरीसारखी पळाली.

आठही झाडं पांढरी होती. फांदी दिसत नव्हती, पान शोधावं लागत होतं. शेंड्यापासून बुडापर्यंत फूल, आणि फुलाफुलावर माशी. सगळी वाडी गुणगुणत होती. खाली मातीवर पाकळ्यांचा सडा. आणि या सगळ्यात स्वयंपाकघराच्या दारचं नववं झाड हिरवंगार, टवटवीत, कोवळ्या पानांनी गच्च भरलेलं. त्यावर एकही फूल नव्हतं.

अर्धं गाव वाडीत होतं. झेंडा फडकवून लोक थेट इकडंच आले होते, शाळेची पोरंसुद्धा. सुमेध येईल त्याला झाडं दाखवत फिरत होता. “आठाईले अडतीस दिवस ताण देल्ला. याले बाबानं मधात पाणी पाजलं. पाह्या फरक.” गिरणीसाठी त्यानं रस्त्याकडची पडीक जागा पाहून ठेवली होती. हे सांगताना तो बहिणीकडं न पाहता हसला. केसरबाई बाजेवर काठी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एखाद्या संस्थानाच्या दिवाणासारख्या. “मले माहीतच होतं,” त्या नीलाबाईला सांगत होत्या. नीलाबाई फुलांकडं पाहत होती.

“कायी म्हणा,” लटारू मान हलवत म्हणाला, “रुखमाबाईच्या हाताले गुण होता. हात लावला का झाड येये.”

“गुण होता,” बायका म्हणाल्या.

देवाजी गुरुजी नवव्या झाडाखाली उभे होते, फूल नसलेल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. प्रेमानंच म्हणाले ते, याहून जास्त प्रेमानं त्यांना काही म्हणता येत नव्हतं, “अडाणी बाई होती बिचारी. पण हाताले गुण होता तिच्या.”

“बाबा, आई अडाणी नव्हती.”

सत्यशीलेचा आवाज मोठा नव्हता, पण ती सहसा चारचौघांत बोलत नसे, म्हणून लोक थांबले.

“हाताचा गुण नाई तो. पहिल्या साली तिनं एकतीस दिवस ठेवलं, कमी पडलं. दुसऱ्या साली बावन्न ठेवलं, झाड मेलं. मंग दर साली दिवस कमी करत आली. सहा सालं. सगळं भिंतीवर लिहून ठेवलं हाय तिनं, तिच्या अक्षरात. चुकली तेही लिहिलं. मी पुस्तकातच बसलेली असतो बाबा, मले माहीत हाय याले काय म्हणते ते.”

गुरुजींनी मान गोठ्याकडं वळवली.

“शाळेत, हॉस्टेलात, नोकरीच्या वेळी, जिथी जिथी फॉर्म भरला, तिथी आईच्या शिक्षणापुढं मी ‘निरक्षर’ लिहिलं. तुमी सांगतलं म्हणून नाई. मीच लिहिलं. ती बाजूले उभी राहून पाह्ये, अन् विचारे, काय लिहिलं? मी म्हणे, तुहं नाव.”

केसरबाईंनी काठी बाजूला ठेवली. सुमेध खाली पाहत होता. सत्यशीलेनं फुललेल्या झाडांकडं पाहिलं, आणि मग ती फाटकापाशी मागं उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“माही आई शिकलेली बाई होती.”